मंगळवारी जाण्याआधी, वैजू

चष्म्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
जिन्याला कठडा एकाच बाजूनं आहे,
उतरताना तो डाव्या हाताला येतो.
फी आधी विचार. मी लाजले
आणि तीन खेपा पाचशेची जास्तीची नोट मुठीत धरून बसले.

नाव ज्युवेना फुर्तादो.
कोंकणी घरची, मराठी आजोळची, बेळगावची,
म्हणजे ‘सांग की’, ‘होय की’ असलं बोलते.
मी हसले होते. तीही हसली.
पहिल्या तासात तेवढंच काम झालं.

नवऱ्याला सोबत नेऊ नकोस, समजावून सांगायला म्हणून.
तो चांगला आहे, म्हणूनच.
तुझं वाक्य तो तुझ्याआधी पुरं करील
आणि तुला ते सोयीचं वाटेल.

वहीत कुठल्या भाषेत लिहिते ते विचार.
इंग्रजीत लिहिते. दाखव म्हटलं की दाखवते.
माझ्या पानावर एकच शब्द देवनागरीत होता,
तांदळातल्या खड्यासारखा: हुरहुर.
बाजूला प्रश्नचिन्ह.
त्या प्रश्नचिन्हासाठी मी पुन्हा गेले.

नदीचे दोन काठ, मधे पूल, असलं काही मनात आणू नकोस.
दोन भाषा म्हणजे दोन पिशव्या,
बाजारातून येताना एक नेहमी जड.

आणि ऐकण्यात घोटाळे होतात.
तिसऱ्या खेपेला मी पंख्याकडे बघत बसले होते,
ती हळूच म्हणाली, “पळय.”
अकरा वर्षं काढली मी कुडचड्यात,
सोसायटीच्या काउंटरवर दिवसाला शंभरदा ऐकते:
पळय म्हणजे बघ.
पण त्या खुर्चीत आजऱ्याची पोरगी बसली होती.
तिला ऐकू आलं, पळ.
मी चप्पल शोधू लागले, खरंच.
ज्युवेना उठली नाही. थोड्या वेळानं म्हणाली,
“कुठं निघालीस की गं?”
ते अजून तिला सांगता आलेलं नाही.

इंग्रजी शब्द लागले तर वापर.
‘डिप्रेशन’ मला सहज म्हणता आलं,
आमच्या घरात त्या शब्दानं कुणी रडलेलं नव्हतं.
आकडे मात्र मराठीतच येतील,
रात्री किती वाजता जाग येते ते सांगताना.

हे तुला सांगावं की नको.
आई गेल्याचा निरोप दिरानं आणला, दारातच थांबून:
“तुजी आवय गेली गो.”
मायेनंच सांगितलं त्यानं.
मी “बरें” म्हटलं आणि भात उतरवला.
चार वर्षं ती कोंकणीतच गेलेली होती.
मराठीत ती आजऱ्याला पडवीत बसून
घनसाळ पाखडत होती, चष्मा कपाळावर.
ज्युवेनानं पेन खाली ठेवलं. विचारलं काहीच नाही.
मी म्हटलं, “माझी आई मेली.”
खाली चष्मेवाल्यानं शटर अर्धं ओढलं.

बरं वाटलं असं नाही म्हणत मी.
त्या रात्री तर जास्तच झालं.
मंगळवारचा स्वयंपाक सकाळीच उरकून ठेव.
आणि नाहीच पटली, तर दुसरी बघ,
तिला राग येत नाही, नावं तीच लिहून देते.

गोवा एवढासा. कुठंतरी भेटणारच.
तू ओळख दाखवेपर्यंत ती दाखवणार नाही,
हे पहिल्या दिवशीच सांगते. मला ते तुटक वाटलं होतं.
गेल्या रविवारी मडगावच्या मासळीबाजारात
ती बांगड्यांचा वाटा सोडून लेप्यांकडे वळली,
मला बघितलं,
आणि किती नीट बघितलंच नाही.
मग मीही लेप्यांचाच भाव विचारला,
तिच्या शेजारी उभी राहून, जरा मोठ्यानं.

शेवटची कदंब आठ दहाला.
ती गाठायची तर साडेसातला बोलणं आवर.
नाही, आवरू नकोस.
मला फोन कर, आम्ही गाडी घेऊन येऊ.